सहा हॉपची एल आणि वर तोरण्याचं नाव: घरी बिअर करणाऱ्यांना झालंय काय?

लीड्सकर

काल इथे एका सदस्याने घरच्या बिअरची पाककृती टाकली. नाव 'तोरणा ट्रॉपिकल स्टॉर्म हेझी आयपीए', म्हणजे गढूळ दिसणारी इंडिया पेल एल (एल हा बिअरचाच एक प्रकार). हॉप (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं): सिट्रा, मोझॅक, गॅलक्सी, नेल्सन सॉव्हिन, एल डोराडो, सब्रो. १९ लिटरला सहा! वर "हॉप जितके जास्त तितकी चव खुलते" हा उपदेश, आणि खाली 'जबरी', 'तोंपासू' यांची रांग. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण लांबलं. म्हणून हा धागा.

कडवटपणा येतो अल्फा आम्लांतून, आणि त्यांना उकळी लागते. तासभर उकळलेल्या हॉपचा वास बहुतेक वाफेबरोबर निघून जातो. म्हणजे ६० मिनिटांच्या हॉपला मॅग्नमसारखा स्वस्त, गरीब गडी पुरतो. या पाककृतीत तिथे गॅलक्सी आहे. कारण? 'पाकीट फोडलेलं होतं'! अल्फाचे टक्के तरी बघावेत. २८ ग्रॅम ईस्ट केंट गोल्डिंग ५ टक्क्यांचा असेल तर १९ लिटरला १७-१८ आयबीयू (कडवटपणाचं एकक) मिळतात. तेवढाच १२ टक्क्यांचा सिट्रा टाकला तर चाळीसच्या वर. पाकिटावर छापलेलं असतं हे.

वासाचं तर विचारूच नका. हॉप तळहातावर घेऊन चुरडा, बोटांना पिवळी चिकट भुकटी लागेल, ती नाकाशी धरा. सोराची एस असेल तर चक्क शेपूचा वास येईल. समिटला कांदा-लसणाचा, सब्रोला खोबऱ्याचा. हे एकेकटे कळल्याशिवाय एकत्र टाकलेत तर बिअर बिघडल्यावर दोष कोणाला देणार? एक माल्ट, एक यीस्ट, एक हॉप अशा एल करा आधी. अमेरिकेतल्या अँकर ब्रुअरीची लिबर्टी एल १९७५ साली निघाली ती एकट्या कॅस्केड हॉपवर. अमेरिकेतली अख्खी हॉपची लाट त्यानंतरची आहे.

आणि ते नाव. हॉप अमेरिकेतल्या याकिमा खोऱ्यातले, ऑस्ट्रेलियातले, न्यूझीलंडचे. यात तोरणा कुठून आला? माझ्या बाटल्यांवर 'गोल्डिंग, मार्च' एवढंच असतं.

फ्रीमाँटचा नाना

'एका सदस्याने' कशाला, नाव घ्या की. पाककृती माझी आहे.

लीड्सकर, तुम्ही ज्या इंग्लिश बिटरच्या आरत्या ओवाळता त्यातली फुलर्स ब्रुअरीची ईएसबी बघा. टार्गेट, चॅलेंजर, नॉर्थडाउन, गोल्डिंग. झाले चार! तुमच्या दाराशी कीथलीत टिमथी टेलरची लँडलॉर्ड होते, तिच्यात फगल, गोल्डिंग आणि स्टिरियन गोल्डिंग. त्यांना जाऊन सांगा एकच हॉप टाका म्हणून.

गोड्या मसाल्यात दगडफूल असतं, नागकेशर असतं, खोबरं असतं. कोणी आमटी ओरपताना म्हणतं का की मला दगडफूल वेगळं ओळखता येत नाही?

आणि लिबर्टी एलवाली अँकर २०२३ मध्ये बंद पडली. होऊन जाऊ दे.

इथे अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टरने कायद्यावर सही केली तेव्हापासून दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन बिअर करायची मुभा आहे. त्यात हॉप किती टाकायचे यावर काँग्रेसने काही म्हटलेलं नाही.

लीड्सकर

स्टिरियन गोल्डिंग हा नावाचाच गोल्डिंग. मुळात तो स्लोव्हेनियात लावलेला फगल आहे. म्हणजे लँडलॉर्डमध्ये तीन नव्हे, दोनच. आणि तुमच्या लाडक्या कॅस्केडच्या वंशातसुद्धा फगलच, बरं का.

गोडा मसाला करणारी बाई आधी प्रत्येक जिन्नस वेगवेगळा भाजते. तेवढंच मी म्हणतोय.

मापटं

अवांतर: गॅलन आणि औंस बंद करा हो. त्यातही अमेरिकन गॅलन ३.८ लिटरचा, ब्रिटिश साडेचारचा. एका जुन्या इंग्लिश पाककृतीतले पाच गॅलन मी अमेरिकन समजून केले आणि बिअर जिभेला चटका देईल इतकी कडू झाली. ग्रॅम-लिटर लिहायला काय पैसे पडतात?

भोर तालुका

हॉपमधलं मला कळत नाही. इतकं कळतं की तोरणा हा स्वराज्याचा पहिला किल्ला. दारूच्या बाटलीवर त्याचं नाव टाकताना हात कापले नाहीत? परदेशात गेलं की लाज इथेच ठेवून जायची असते का?

२०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने दारूच्या दुकानांना आणि बारना गडकिल्ल्यांची, महापुरुषांची, देवांची नावं द्यायला मनाई केली, ती उगाच नाही.

फ्रीमाँटचा नाना

भाऊ, ते दुकानांना आणि बारना आहे. माझं गॅरेज आहे.

कॉलेजात असताना पावसात तोरणा चढलोय. बुधला माचीवर धुक्यात पुढचा माणूस दिसत नव्हता. ही बिअर तशीच गढूळ आहे, म्हणून ते नाव. प्रेमापोटी दिलंय. ज्यांनी गडावर वेफर्सची पाकिटं टाकली त्यांना विचारा लाज.

भोर तालुका

वेफर्स मी टाकले नाहीत. दरवर्षी साफसफाईला जातो, पोती भरून बाटल्या खाली आणतो. त्याही 'प्रेमापोटी' नेलेल्या असतात वाटतं! गडावर बाटली नको आणि बाटलीवर गड नको, साधं आहे.

कोथरूडचा तहानलेला

तुमचं बरं आहे. आमच्या इथे १९४९ च्या दारूबंदी कायद्यात नुसतं प्यायलाही परवाना लागतो. घरी बिअर केली तर नाव काय ठेवायचं हा प्रश्नच नाही, नाव पोलीस लिहून घेतील. सहा हॉप काय नि एक काय, मला फोटोवरच भागवायचंय.

बाकी आयपीए मुळात आपल्यासाठीच शोधली ना? मग तिला आपलं नाव द्यायचा हक्क आहेच.

लीड्सकर

ही दंतकथा अजून जिवंत आहे? लंडनच्या बो भागातला हॉजसन भारतात पेल एल पाठवायचा, खरं. पण जास्त हॉपची फिकट एल इंग्लंडात आधीपासून होती. जहाजासाठी कोणी बसून शोध लावला नाही. शिवाय काळी पोर्टरही तेव्हा गलबतं भरभरून हिंदुस्थानात येत होती आणि गोरे शिपाई ती आनंदाने पीत होते. पुढे १८२० च्या दशकात इंग्लंडातल्या बर्टन गावचा ब्रुअर ऑलसॉप या धंद्यात उतरला. तिथल्या पाण्यातल्या जिप्समने हॉपचा कडवटपणा खणखणीत लागतो म्हणून बर्टनची सरशी झाली. हॉपचा विषय निघतो तेव्हा पाण्याचं कोणी बोलत नाही, ही माझी जुनी तक्रार...

एडिसनची माई

पाणी राहू द्या, नंतर बोलू. मला नावाबद्दल बोलायचंय.

मी ब्राउन एल करते. एकदा लेबलवर सासूबाईंचं नाव छापलं, 'कडक कुसुम'. ह्यांनी डोक्याला हात लावला. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून लेबल वाचलं आणि म्हणाल्या, "कडक कशाला, नुसतं कुसुम लिही." जाताना दोन लेबलं पर्समध्ये घालून घेऊन गेल्या, भिशीत दाखवायला. तेव्हा नावाने कोणाचा अपमान होतो हे ज्याचं नाव आहे त्याला ठरवू द्या.

भोर तालुका

माई, तुमच्या सासूबाईंना विचारता आलं. महाराजांना विचारायची सोय नाही.

एडिसनची माई

हम्म. या मुद्द्यावर सध्या गप्प बसते. सध्याच.

नागपूरचा नारंगी

'ओल्ड मंक' चालतो. मंक म्हणजे साधूच ना? तेव्हा कोणाच्या भावना कुठे जातात? दांभिकपणा नुसता.

भोर तालुका

मी ओल्ड मंकचं नाव ठेवलेलं नाही. ठेवणाऱ्याला गाठा.

शार्लटचा शहाणा

२०१२ मध्ये पोर्टलंडच्या एका ब्रुअरीने 'कालीमा' नावाची बिअर जाहीर केली होती. विषय राज्यसभेपर्यंत गेला, ब्रुअरीने माफी मागून बिअर पुढे ढकलली. तेव्हा 'गोऱ्यांना आपल्या देवांची किंमत नाही' म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडणारे आमच्या मंडळातले एक काका आज स्वतःच्या बिअरला 'भैरव' म्हणतात. आपण केलं की ते प्रेम. नाना, तुम्हाला उद्देशून नाही.

फ्रीमाँटचा नाना

मलाच उद्देशून आहे, कळतं मला. ज्यांनी आयुष्यात एक बाटली भरलेली नाही ते इथे नीतिमत्तेचे वर्ग घेतायत. इनो घ्या.

शार्लटचा शहाणा

बाटल्या भरतो, आणि त्या फुटत नाहीत. मागच्या वर्षी तुमच्या गॅरेजात काय झालं ते सांगू का सगळ्यांना?

संपादक

वैयक्तिक शेरेबाजी नको. दोन प्रतिसाद काढले आहेत. विषय हॉप आणि नावं.

एडिसनची माई

बाटल्या फुटण्यावरून एक सांगते, कारण हे हॉपचंच आहे. आमच्या कोट ठेवायच्या कपाटात रात्री फटाका वाजल्यासारखं झालं. उघडून बघितलं तर ह्यांच्या लग्नातल्या सुटावर पेल एल आणि काचा. ड्राय हॉप (न उकळता, गार बिअरमध्ये टाकायचा) भरपूर टाकला होता, दोन दिवसांत बाटलीबंद केलं, वर बाटलीत फेस यावा म्हणून घालतात ती प्राइमिंगची साखर. हॉपमध्ये अंगचीच एन्झाइम्स असतात. यीस्टला न खाता येणारी डेक्स्ट्रिन्स ती फोडतात, त्याची साखर होते आणि यीस्ट पुन्हा जागं होतं. बाटलीत वायू वाढतच जातो. आता मी ड्राय हॉपनंतर घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा ओळीने तीन दिवस तोच आल्याशिवाय बाटलीला हात लावत नाही. हॉप सहा असोत की एक. सहा टाकणारे मोजूनमापून कमी टाकतात असं मात्र कधी पाहिलं नाही.

फ्रीमाँटचा नाना

माई, हे पटलं. माझंही तेच झालं होतं, आणि शहाण्यांनी ते सांगण्याआधी मीच सांगतो. पण तो दोष घाईचा. सहाचा नव्हे.

लीड्सकर

बरं, माझंही ऐका. मोझॅक ही सिम्को हॉपचीच मुलगी. हे दोन एकत्र टाकलेत तर नाक तक्रार करत नाही, घरातलंच आहे. ड्राय हॉपला दोन चालतील. तीन म्हणजे हट्ट. चौथ्याला पुरावा द्या.

फ्रीमाँटचा नाना

केवढी ही मेहेरबानी! पुरावा म्हणजे काय, पार्सलने लीड्सला बिअर पाठवू? वाटेत कस्टमवाले पितील. नेल्सनने पांढऱ्या द्राक्षांचा वास येतो, सिट्राने आंब्याकडे झुकणारा. माझ्या बायकोने डोळे मिटून दोन्ही वेगळे ओळखले.

लीड्सकर

बायको हा पुरावा होत नाही.

एडिसनची माई

तुमच्याकडे होत नसेल.

कोथरूडचा तहानलेला

मला कोणीतरी पाठवा. मी पुरावा होतो.

भोर तालुका

तोरण्याचं काय ठरलं ते सांगा. हॉपचं तुमचं चालू द्या.

फ्रीमाँटचा नाना

उरलेल्या बाटल्यांवर कोरी लेबलं चिकटवतो. तुमच्या पोत्यांकडे बघून, सरकारी आदेशाकडे बघून नव्हे. मात्र पुढच्या बॅचला 'कोहरा' म्हणणार, त्यावर कोणी हक्क सांगू नये.

नागपूरचा नारंगी

कोहरा हिंदी आहे. धुकं म्हणा.

फ्रीमाँटचा नाना

आता हे नवीन!

लीड्सकर

नाव काहीही ठेवा, पण ६० मिनिटांचा गॅलक्सी काढा आणि सब्रोही काढा. खोबरं आणि द्राक्षं एका पेल्यात नकोत.

फ्रीमाँटचा नाना

गॅलक्सी काढतो, मॅग्नमची ऑर्डर दिली आहे. सब्रो राहणार.