शब्दचर्चा : ‘दरकपात’, ‘बाजार’ आणि ‘आधीच गृहीत धरले होते’

राळेगावचा कास्तकार :
पेपरात दर दोन-तीन महिन्यांनी एकाच साच्याचा मथळा येतो. ‘अमेरिकेत दरकपात, तरीही बाजार कोसळला.’ खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ‘ही कपात बाजाराने आधीच गृहीत धरली होती.’ आमच्या इकडे ‘दर’ म्हणजे कापसाचा भाव आणि ‘बाजार’ म्हणजे बाजार समितीचं यार्ड. सोसायटीत बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांनी मथळा वाचून मला सरळ विचारलं, ‘काहून रे, अमेरिकेनं कापसाचे दर पाडले काय?’ त्यांचा प्रश्न चुकीचा नाही, मथळाच तसा आहे. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. इथे ‘दर’ कशाचा, ‘बाजार’ कोणता, आणि जी गोष्ट अजून झालीच नाही ती ‘आधीच गृहीत’ कशी धरतात?

निवृत्त बँकवाला, हिंगणघाट :
भाऊ, त्या काकांना माझा नमस्कार सांगा. विदर्भात ‘दरकपात’ या शब्दाचा पहिला अर्थ तोच निघणार. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की मराठी बातमीत नुसतं ‘दरकपात’ लिहूच नये, ‘व्याजदरकपात’ लिहावं. दोन अक्षरं वाढतात, पण वाचणारा यार्डातून बँकेत येतो.

हा व्याजदर तुमच्या-माझ्या कर्जाचा नसतो. आपल्याकडे तो रेपो दर. बँका सरकारी रोखे, म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाचे कागद, तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून थोड्या दिवसांसाठी पैसे उचलतात, त्यावरचं हे व्याज. सहा जणांची पतधोरण समिती तो ठरवते आणि साधारण दोन महिन्यांनी एकदा बसते. अमेरिकेत फेडरल रिझर्व्हची (तिथली मध्यवर्ती बँक, थोडक्यात ‘फेड’) समिती वर्षातून आठ वेळा बसते. तिथला निर्णय त्यांच्या दुपारी दोनला जाहीर होतो, तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. त्यामुळे आपल्या बाजाराचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतं.

‘बाजार’ हा एक नाही, निदान चार आहेत : शेअर, रोखे, चलन आणि वायदे (पुढच्या तारखेच्या मालाचे आजच ठरवलेले सौदे). एकाच निर्णयावर हे चारही एका दिशेला जातील असं नसतं. ‘बाजार कोसळला’ म्हणणारा बातमीदार बहुतेक वेळा फक्त शेअर बाजाराबद्दल बोलत असतो.

आता गृहीत धरण्याबद्दल. १८ डिसेंबर २०२४ची बैठक घ्या. फेडने व्याजदर पाव टक्का कमी करून ४.२५ ते ४.५० टक्क्यांच्या पट्ट्यात आणला. कपात होणार हे जवळपास सगळे धरून चालले होते, तशी ती झालीही. तरी त्या दिवशी तिथल्या शेअर बाजाराचा निर्देशांक डाऊ जोन्स १,१२३ अंकांनी पडला. कारण कपातीत नव्हतं, सोबत आलेल्या तक्त्यात होतं. समितीचे सदस्य पुढच्या वर्षांसाठी व्याजदराचा आपापला अंदाज ठिपक्याने मांडतात. सप्टेंबरच्या तक्त्यानुसार २०२५मध्ये चार कपाती अपेक्षित होत्या. डिसेंबरच्या तक्त्यात दोनच उरल्या. हातात पडलेली कपात लोकांनी आधीच हिशेबात घेतली होती, आणि पुढच्या दोन हिशेबातून गळाल्या. दुसऱ्या दिवशी सेन्सेक्स ९६४ अंकांनी उतरला आणि रुपया पहिल्यांदाच डॉलरला ८५च्या पलीकडे गेला.

बाजार निर्णयाला उत्तर देतच नाही. निर्णय आणि अपेक्षा यांच्यात जी फट राहते, तिला उत्तर देतो. फट नसेल तर बाजार हलत नाही, किंवा नफा खिशात घालून थोडा उतरतो. ७ फेब्रुवारी २०२५ला आपल्या रिझर्व्ह बँकेने जवळपास पाच वर्षांनी पहिल्यांदा रेपो दर कमी केला, साडेसहावरून सव्वासहा. त्या दिवशी सेन्सेक्स थोडा खालीच बंद झाला.

वणीचा कास्तकार :
हे समदं बराबर हाये काका, पन मले येक सांगा. थो रेपो उतरला त माह्या पीककर्जाचं व्याज उतरते काय? आन पेपरवाले ‘पाव टक्का’ म्हनते थो सावकाराच्या टक्क्यावानी महिन्याचा का सालाचा?

निवृत्त बँकवाला, हिंगणघाट :
भाऊ, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तो शब्दाचा आहे आणि फार मोलाचा आहे. बँकेचा टक्का सालाचा. सावकाराचा ‘शेकडा दोन’ महिन्याचा, म्हणजे सालाचे चोवीस टक्के. ‘सवाई’ आणि ‘दिढी’ तर टक्क्यांत सांगतच नाहीत. पेरणीला हजार घेतले की पीक निघाल्यावर बाराशे पन्नास किंवा पंधराशे द्यायचे. चार-सहा महिन्यांतला तो पंचवीस-पन्नास टक्के बोजा वर्षाच्या हिशेबात मांडला तर छाती दडपते. या बोलीत वाढलेल्या माणसाला ‘पाव टक्का’ एवढंच सांगून सोडून देता येत नाही. ‘सालाला पाव टक्का’ असं म्हणावं.

यात आणखी एक खोच आहे. साडेसहाचे सव्वासहा झाले, तर कपात पाव ‘टक्केबिंदू’ असते. साडेसहाचा पाव टक्का काढला तर तो इतका बारीक निघेल की कुणाला कळणारही नाही. म्हणून बँकांमध्ये २५ आधारबिंदू म्हणतात, शंभर आधारबिंदूंचा एक टक्केबिंदू. बोलताना ‘पाव टक्का’ चालेल, लिहिताना मात्र ‘अमुक टक्क्यांवरून तमुक टक्क्यांवर’ असं लिहावं. मग घोळ राहत नाही.

आता पहिला प्रश्न. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला केंद्राची व्याज सवलत आहे. ते सात टक्क्यांनी मिळतं आणि वेळेत फेडलं तर चार टक्के पडतं. त्यावर राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे, म्हणून वेळेत भरणाऱ्याला शून्य टक्क्याने पडतं. रेपो वर-खाली झाला म्हणून यात लगेच काही बदलत नाही. गावातल्या कुणी शहरात घरासाठी तरत्या व्याजाचं कर्ज घेतलं असेल तर त्याला फरक पडतो, कारण ऑक्टोबर २०१९पासून अशी कर्जं बाहेरच्या एखाद्या दराला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, बांधलेली आहेत.

अकोटची शिक्षिका :
काका, एक शब्द राहिला. माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ त्याचाच आहे. बातमीत निर्णयासोबत ‘भूमिका’ येते, म्हणजे पुढे दर कुठे न्यायचा याबद्दलचा समितीचा कल. ‘भूमिका तटस्थ’, ‘भूमिका उदार’. मुलांना वाटतं, ही नाटकातली भूमिका. ६ जून २०२५ला रिझर्व्ह बँकेने रेपो दर एकदम अर्धा टक्का उतरवून साडेपाचवर आणला. बँकांनी राखून ठेवायच्या रोख राखीव निधीचं प्रमाणही टप्प्याटप्प्याने चारवरून तीन टक्क्यांवर आणायचं ठरवलं. शेअर बाजार खूश होऊन सातशेहून अधिक अंकांनी वर गेला. पण त्याच दिवशी समितीने भूमिका ‘उदार’वरून ‘तटस्थ’ केली होती, म्हणजे पुढे आणखी कपात होईलच असं समजू नका. रोखे बाजाराने हा एक शब्द नीट वाचला. पुढच्या दिवसांत दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा परतावा उतरायच्या ऐवजी वर सरकला.

इंग्रजी पेपरांत कडक धोरणवाल्यांना ससाणा आणि सैल धोरणवाल्यांना पारवा म्हणतात. ते पक्षी मराठीत आणू नयेत असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे ‘जहाल’ आणि ‘मवाळ’ हे शब्द टिळक-गोखल्यांच्या काळापासून अंगवळणी पडलेले आहेत. कुणी ‘नरम धोरण’ लिहितात, त्याने उलटाच अर्थ लागतो. यार्डात ‘बाजार नरम’ म्हणजे भाव उतरलेले. मग ‘नरम धोरणामुळे बाजार तेजीत’ हे वाक्य कुणाच्या डोक्यात शिरणार? ‘मवाळ’ म्हटलं की हा गुंता राहत नाही. ‘जहाल’ थोडा तिखट वाटतो, तिथे ‘कडक’ चालेल.

निवृत्त बँकवाला, हिंगणघाट :
ताई, ‘मवाळ’ला माझी शंभर टक्के संमती. ‘परतावा वर सरकला’ यावर मात्र थांबायला हवं, कारण निम्मे वाचक इथेच अडखळतात. परतावा वाढला म्हणजे चांगलं झालं असं वाटतं. रोख्यांच्या बाबतीत परतावा वाढणं आणि रोखा स्वस्त होणं ही एकच गोष्ट.

समजा शंभर रुपयांचा रोखा वर्षाला सात रुपये देतो. बाजारात तो ९५ला मिळू लागला, तरी व्याज सातच मिळणार. पण आता ते ९५ रुपयांवर मिळतं, म्हणजे सुमारे ७.३७ टक्के. रोखा १०५ला गेला, तर तेच सात रुपये सुमारे ६.६७ टक्के होतात. त्यामुळे ‘रोख्यांत घसरण’ आणि ‘परताव्यात वाढ’ या दोन मथळ्यांचा अर्थ एकच.

आणि इथेच मध्यवर्ती बँकेच्या हाताची मर्यादा दिसते. ती अल्पमुदतीचा दर ठरवते, दहा वर्षांचा दर बाजार ठरवतो. फेडने सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ या काळात तीन बैठकांत मिळून पूर्ण एक टक्का कपात केली. त्याच सुमारास अमेरिकेच्या दहा वर्षांच्या रोख्यांचा परतावा सप्टेंबरच्या मध्यात ३.६च्या आसपास होता, तो जानेवारीच्या मध्यात ४.८च्या जवळ गेला. खालचा दर उतरत होता आणि वरचा चढत होता. महागाई पुन्हा डोकं वर काढेल आणि सरकार जास्त कर्ज उचलेल, ही धास्ती त्यामागे होती. जगभरच्या कंपन्या या दहा वर्षांच्या दराकडे पाहून कर्जाचा हिशेब मांडतात. ‘व्याज उतरलं’ अशी बातमी वाचली, तर कुठल्या मुदतीचं उतरलं हे विचारायची सवय लावून घ्यावी.

जिनिंगवाला, वणी :
आमच्या धंद्यात ‘गृहीत धरलं’ कुणी म्हणत नाही, ‘बातमी वटली’ म्हणतात. हुंडी वटवतात तसं. पैसे नंतर मिळणार असतात, पण वटाव कापून आजच उचलायचे. बातमी अजून यायची असते, पण तिची किंमत आजच्या भावात उतरलेली असते. मला हा शब्द ‘गृहीत धरणे’पेक्षा नेमका वाटतो, कारण यात पैसा हलल्याचं दिसतं. ‘पचवणे’ वेगळं, ते बातमी आल्यावरचं. पेपरवाले दोन्ही एकाच अर्थाने वापरतात, तिथे गडबड होते.

कापसाशी याचा संबंध कितीसा, हेही सांगून टाकतो, कारण आमच्याकडे दर बैठकीला कुणीतरी फोन करून विचारतं. न्यूयॉर्कचा वायदा पौंडाला सेंटमध्ये बोलतो. आपली रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, खंडी ३५५.६ किलोची, म्हणजे ७८४ पौंड. वायदा ७० सेंट धरला तर खंडी ५४९ डॉलरची झाली. डॉलर एका रुपयाने महागला तर खंडीमागे ५४९ रुपयांचा फरक. क्विंटलभर कापसातून ३४ किलो रुई निघते असं धरलं, तर एका खंडीला साडेदहा क्विंटलच्या आसपास कापूस लागतो. म्हणजे कापसात क्विंटलमागे पन्नासेक रुपये, तेही कागदावर. डॉलर मजबूत झाला की डॉलरमध्ये बोलला जाणारा वायदा बऱ्याचदा थोडा उतरतो, मग तेवढेही हाती लागत नाहीत.

याउलट कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क केंद्राने १९ ऑगस्ट २०२५पासून काही महिन्यांसाठी उठवलं, ते थेट भावाच्या मुळावर आलं. लांब धाग्याचा हमीभाव त्या हंगामाला ८,११० रुपये होता, आणि सीसीआयचं (भारतीय कापूस महामंडळाचं) खरेदी केंद्र कधी उघडतं, चुकारे किती दिवसांनी येतात, यावर कास्तकाराचं घर चालतं. फेडकडे जरूर पाहा, पण शुल्काच्या अधिसूचनेकडे आधी पाहा.

राळेगावचा कास्तकार :
‘वटली’ एकदम पटलं भाऊ. आता एक शेवटचं. ऑगस्ट २०२४मध्ये जपानने व्याज वाढवलं आणि आपला सेन्सेक्स पडला. तेव्हा ‘कॅरी ट्रेड’ असा शब्द आला होता, त्याला मराठी काय?

निवृत्त बँकवाला, हिंगणघाट :
रूढ मराठी शब्द नाही. मी ‘स्वस्त उसनवारीचा व्यवहार’ म्हणेन. जपानमध्ये वर्षानुवर्षं व्याज शून्याच्या आसपास होतं. लोक तिथे येन उसने घेत, ते विकून डॉलर किंवा इतर चलनं घेत आणि जास्त परतावा मिळेल तिथे पैसे लावत. ३१ जुलै २०२४ला बँक ऑफ जपानने दर वाढवला, तोही जेमतेम पाव टक्क्यापर्यंत. पण येन महागू लागला, म्हणजे फेडायचं कर्जच फुगू लागलं. त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या रोजगाराचे आकडे कमजोर निघाले. सगळ्यांनी एकदम माल विकून येन परत करायला धाव घेतली. ५ ऑगस्टला जपानच्या शेअर बाजाराचा निर्देशांक निक्केई १२.४ टक्के पडला, सेन्सेक्स २,२२२ अंकांनी. दुसऱ्याच दिवशी निक्केई दहा टक्क्यांनी उसळला. ७ तारखेला बँक ऑफ जपानच्या उपगव्हर्नरांनी सांगितलं की बाजार अस्थिर असताना आम्ही दर वाढवणार नाही, मग लोक जरा शांत झाले.

पाव टक्क्याच्या व्याजाने एवढी पडझड होत नसते. ती झाली कारण ही वाढ पुरती वटलेली नव्हती आणि उसनवारी फार मोठी झाली होती. कर्ज एका चलनात आणि कमाई दुसऱ्या चलनात असली, की व्याजापेक्षा चलनाचा भाव जास्त मारतो.

वणीचा कास्तकार :
मंग ‘मंदी’चं बी सांगा ना काका. सोयाबीनची मंदी आन अमेरिकेतली मंदी येकच काय?

निवृत्त बँकवाला, हिंगणघाट :
नाही भाऊ. सोयाबीनची मंदी म्हणजे भाव उतरलेला. अमेरिकेतली मंदी म्हणजे उत्पादन, नोकऱ्या, खप हे सगळंच काही महिने आकसणं. पहिली एका मालाची, दुसरी अख्ख्या अर्थव्यवस्थेची. दुसरीच्या भीतीने मध्यवर्ती बँका व्याज उतरवतात. म्हणून कधी कधी मोठी कपात आली तर बाजार उलट घाबरतो, की यांना असं काय दिसलं जे आपल्याला दिसत नाही? लिहिताना पहिलीला ‘भावातली मंदी’ आणि दुसरीला ‘आर्थिक मंदी’ म्हणावं.