खानापुरात साध्या लॉजवर दोन रात्री : पावसाळ्यात खोली कशी बघून घ्यावी?

रंकाळा_वारा

नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आई-वडील, बायको आणि मी असे चौघं कोल्हापूरहून बेळगावजवळच्या खानापूरला येतोय. दोन रात्री राहायचं. हलशी आणि नंदगड नक्की, जमलं तर कणकुंबीला मलप्रभेच्या उगमापर्यंत. वडील ७१ वर्षांचे, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आईला दमट, कोंदट जागेत दम लागतो. रिसॉर्टचं बजेट नाही, हौसही नाही. स्टँडच्या किंवा स्टेशनच्या बाजूला साध्या लॉजच्या दोन खोल्या पुरे आहेत. पण फोन केला की सगळीकडून एकच उत्तर, "सगळी सोय आहे, या." म्हणून विचारतो : फोनवर नेमकं काय विचारायचं, आणि खोलीत पाऊल टाकल्यावर काय तपासायचं? खालची खोली घ्यावी की वरची? गरम पाण्याचं काय? की सरळ बेळगावात राहून रोज ये-जा केलेली बरी?

जांभा_आणि_कौल

तुमच्या घरातल्या दोन गरजा एकमेकींच्या उलट आहेत. वडिलांना खालची खोली सोयीची, आईंना वरची. ऑगस्टचा महिना असल्यामुळे मी आईंच्या बाजूनं कौल देईन. का ते सांगतो.

खानापूर तालुक्यातली जुनी बांधकामं बहुतेक जांभ्याची. जांभा सच्छिद्र. जमिनीतलं पाणी तो वर ओढतो आणि खोलीत सोडतो. जून-जुलैचा पाऊस होऊन गेला की तळमजल्याच्या भिंती खालून दोन-तीन फुटांपर्यंत ओल धरतात. वर ऑइलपेंट मारलेला असला तर ओल लगेच दिसत नाही, पण रंगाला फुगे येतात, पापुद्रे सुटतात. कपाट किंवा पलंगाची डोक्याकडची फळी भिंतीला चिकटून असेल तर तिच्या मागं हात घालून बघा, काळी-हिरवी बुरशी तिथंच असते. दम लागणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास या बुरशीचा. अशा खोलीत अगरबत्ती किंवा सुगंधी फवारा मारून ठेवलेला असेल तर उलट जास्त सावध व्हा.

म्हणून पहिला मजला मागा. सगळ्यात वरचा मात्र नको. वरचा स्लॅब पाझरतो, आणि स्लॅबवर पत्र्याची शेड असेल तर पावसाच्या आवाजानं म्हाताऱ्या माणसांना झोप लागत नाही. पहिला मजला म्हणजे साधारण १६ ते २० पायऱ्या. फोनवर दोनच गोष्टी विचारा : कठडा आहे का, आणि कुठल्या बाजूला. चढताना वडिलांनी चांगला पाय आधी टाकावा, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. दिवसातून एकदाच खाली उतरणं आणि एकदाच वर जाणं होईल असा बेत ठेवलात तर जिन्याची फार अडचण होणार नाही. सकाळचा चहा वर मागवता येतो का, हे त्यासाठी आधीच विचारून ठेवा.

दुसरी गोष्ट दिशा. इथं पाऊस नैर्ऋत्येकडून मारतो. पश्चिमेच्या खिडकीतून डोंगर दिसतील, पण ती भिंत दिवसरात्र भिजत असते आणि खिडकी उघडता येत नाही. पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी असलेली खोली घ्या. खिडकी चार बोटं उघडी आणि दारावरचा झरोका मोकळा राहिला, तरच पंख्याचा उपयोग. सगळं बंद करून पंखा लावला तर तीच दमट हवा नुसती फिरत राहते.

आता गादी. माझ्या मते खोली पसंत करायची की नाही हे गादीवर ठरवावं, टीव्ही-टाइल्सवर नाही. कापसाच्या गादीला जूनपासून ऊन मिळालेलं नसतं. चादर उचला, तळहात दाबून अर्धा मिनिट ठेवा. गार आणि चिकट लागलं तर दुसरी गादी मागा, नाहीतर दुसरी खोली. काथ्याची किंवा फोमची गादी पावसाळ्यात बरी. घरून एक मोठं प्लॅस्टिक, त्यावर घालायला पातळ सतरंजी आणि स्वतःच्या चादरी आणा. प्लॅस्टिकवर नुसती चादर घातली तर अंगाचा घाम खाली मुरत नाही आणि पहाटे पाठ ओली होते, म्हणून मधे सतरंजी हवीच. उशा घरच्याच आणलेल्या उत्तम.

ढेकणांसाठी मोबाइलचा उजेड गादीच्या शिवणीवर आणि पलंगाच्या सांध्यांत मारा. मिरीच्या कणाएवढे काळे ठिपके दिसले की बॅगा आत ठेवूसुद्धा नका. आणि ओले कपडे, छत्र्या खोलीत वाळत घालू नका. बहुतेक लॉजच्या मागं किंवा जिन्याखाली दोरी असते, तिथं टाका. चौघांचे भिजलेले कपडे रात्रभर खोलीत राहिले की त्यातलं सगळं पाणी आईंच्या श्वासातच जाणार.

दोन_किलोवॅट

गरम पाण्याचं मी सांगतो. "गरम पाणी आहे" हे उत्तर कधीच पुरेसं नसतं. ते कशानं तापतं ते विचारायचं.

सोलर असेल तर ऑगस्टमध्ये ते नाही असंच धरा. ढगाळ दिवसांत टाकीतलं पाणी कोमटही होत नाही. सोलरला विजेची कॉइल जोडलेली असेल तर ठीक, पण साध्या लॉजवर ती बऱ्याचदा बंद ठेवतात. बंबाचं किंवा चुलीवरच्या हंड्याचं पाणी मिळत असेल तर मी तेच पसंत करीन. वीज गेली तरी पाणी तापतं आणि मागाल तेवढ्या बादल्या मिळतात. फक्त वेळ ठरलेली असते, बहुधा सकाळी ६ ते ८.

खोलीतल्या गीझरचं गणित असं. १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गीझर २२ अंशांचं पाणी ६० अंशांवर न्यायला साधारण २० मिनिटं घेतो. त्यात गार पाणी मिसळलं की अंघोळीजोगं ३० लिटर होतं, म्हणजे दोन लहान बादल्या. एका खोलीत दोघं असाल तर पहिल्याची अंघोळ झाल्यावर पुन्हा २० मिनिटं थांबायचं. मात्र पावसात व्होल्टेज पडतं. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर गीझरची ताकद निम्म्यापेक्षा थोडीच जास्त उरते आणि २० मिनिटांचं काम ३२-३३ मिनिटांवर जातं. लोक दहा मिनिटांत नळ सोडतात, गार पाणी येतं, आणि गीझर बिघडला म्हणून भांडतात. दिवा पिवळट दिसत असेल तर गीझर अर्धा तास चालू राहू द्या. नळ सोडायच्या आधी बटण बंद करायची सवय ठेवा, जुन्या वायरिंगचा भरवसा धरू नये.

३ लिटरचा इन्स्टंट गीझर असेल तर नळ बारीक सोडा. मोठा सोडला की गारच पाणी येणार.

झाडाच्या फांद्या तारांवर पडून वीज जाणं पावसाळ्यात नेहमीचं. इन्व्हर्टर असला तरी त्यावर दिवा आणि पंखा चालतो, गीझर चालत नाही. म्हणून अंघोळी सकाळवर ढकलू नका. संध्याकाळी फिरून आल्यावर वीज असेल तेव्हाच उरकून घ्या.

आजोळ_नंदगड

भाऊ, बाथरूमचं सगळ्यात आधी विचारा. कमोड आहे का? "अटॅच आहे" म्हणजे कमोड आहे असं नव्हे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला भारतीय बैठक जमायची नाही. नसेल तर मधे भोक असलेली घडीची कमोड खुर्ची आणा, ती बैठकीवर ठेवता येते. पायांना रबरी बुचं आहेत का बघा.

जुन्या बाथरूममध्ये शहाबादी फरशी असते, पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरतं. आत जायच्या आधी पोऱ्याला ब्लीचिंग पावडर टाकून खराट्यानं घासायला सांगा, कुणी नाही म्हणत नाही. बसून अंघोळीसाठी प्लॅस्टिकचं स्टूल मागा. बाथरूमला उंबरा किती उंच आहे तेही बघा, रात्री अंधारात तिथंच ठेच लागते. रात्रीसाठी बॅटरी उशाशी हवी.

पलाशिका

बेळगावात राहून ये-जा करू नका. अंतर २६ किलोमीटरच्या आसपास आहे, पण गोव्याकडं जाणारा हा रस्ता, आणि पावसात ट्रकच्या मागं लागलात की सकाळचा वेळ तिथंच जातो. खानापुरात मुक्काम केल्याचा खरा फायदा सकाळी आठला हलशीच्या देवळात असण्याचा आहे. एकच अपवाद : कमोड आणि कोरडी गादी या दोन गोष्टी खानापुरात कुठंच जमल्या नाहीत, तर मात्र बेळगाव.

पहिल्या दिवशी नंदगड आणि हलशी एकाच वाटेवर करा. नंदगडला इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांची समाधी आहे, २६ जानेवारी १८३१ रोजी त्यांना तिथं फाशी दिलं. त्यांची जयंती १५ ऑगस्टला असते. त्या दिवशी नंदगडला गर्दी आणि जोडून सुट्टी आली तर खानापूरच्या लॉजवरही ताण, तेव्हा तारखा त्यापुढंच ठेवा.

हलशीला घाई करू नका. ही जुनी पलाशिका, बनवासीच्या कदंब राजघराण्याची दुसरी राजधानी, पुढं गोव्याच्या कदंबांनीही तिला तोच मान दिला. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत. एकीकडं नरसिंह-नारायण, दुसरीकडं भूवराह, आणि मधला मंडप दोघांना सामायिक. नरसिंहाची स्थापना ११६९ ची, म्हणजे गोव्याचा कदंब राजा शिवचित्त पेर्माडी याच्या काळातली. वराहाची त्यानंतर वीसेक वर्षांच्या आत, विजयादित्याच्या काळातली. मंडपाच्या मधे उभं राहून दोन्हीकडं आळीपाळीनं बघा, देऊळ तिथून कळतं. गाभाऱ्यात उजेड कमी असतो, डोळे सरावायला पाच मिनिटं द्या. वडिलांना मंडपात टेकायला जागा आहे. आवारातला दगड पावसात निसरडा असतो, आणि ओले मोजे दगडावर जास्तच घसरतात. तेव्हा अनवाणीच चालवा आणि एका बाजूनं हात धरा. सुवर्णेश्वर, कल्लेश्वर आणि जैन बस्ती (म्हणजे जैन मंदिर) गावातच आहेत. पाऊस असेल तर वडिलांना पहिल्या देवळात बसवून बाकीच्यांनी जाऊन यावं.

बसनं फिरणार असाल तर परतीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारा. पाट्या कन्नडमध्ये असतात, पण विचारायला मराठी चालते, काही अडचण नाही. महिलांचा मोफत प्रवास कर्नाटकातला रहिवासी पुरावा असलेल्यांनाच आहे. तुमच्या आधारवर कोल्हापूरचा पत्ता असणार, तेव्हा तिकीट काढायचं. चौघं आहात आणि गुडघ्याचा प्रश्न आहे, म्हणून मी तरी दिवसाची गाडी ठरवायला सांगीन. रिक्षा केलीत तर थांबण्याचे तास धरून भाडं आधी बोलून घ्या.

कणकुंबीचं ऑगस्टमध्ये जपून. जांबोटीमार्गे रस्ता चांगल्या हवेत सव्वा तासाचा, पावसा-धुक्यात दोन तास सहज. उगमाशी माउली देवीचं देऊळ आहे, तिथवर गाडी जाते, ते वडिलांना जमेल. वाटेत हब्बनहट्टीला मलप्रभेच्या पात्रात स्वयंभू मारुती आहे, पण पावसाळ्यात तो पाण्याखाली असतो, त्यासाठी थांबू नका. भीमगड अभयारण्यातल्या धबधब्यांवर वनखातं पावसाळ्यात सोडत नाही. कुणी "आडवाटेनं नेतो" म्हणालं तरी जाऊ नका, अचानक ओढे भरतात आणि परतीची वाट बंद होते. दुपारी तीनच्या आत कणकुंबीहून निघा. वर नेटवर्क जातं, ऑनलाइन पैसे चालत नाहीत, तेव्हा नकाशा आधी उतरवून ठेवा आणि रोख जवळ ठेवा. त्या दिवशी धो धो पाऊस लागला तर कणकुंबी सोडा आणि खानापूरजवळच असोग्याला मलप्रभेच्या काठी रामलिंगेश्वराचं देऊळ आहे ते करा. पाणी चढलेलं असेल तर घाटावर मात्र उतरायचं नाही.

रंकाळा_वारा

फार उपयोगी. अजून दोनच शंका. सरकारी आयबीत खोली मिळेल का? आणि खोलीचं भाडं दिवसावर की तासांवर धरतात?

आजोळ_नंदगड

आयबी म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याचा बंगला. खोल्या मोठ्या, छत उंच, बहुधा तळमजलाच, पण जोतं उंच असल्यामुळं लॉजच्या तळमजल्यापेक्षा कोरड्या. तुमच्या वडिलांना ते सोयीचं होईल. पण आधी खात्याच्या ऑफिसातून परवानगी लागते, आणि ऐनवेळी साहेब आले तर खोली त्यांची. परवानगी मिळाली तरी लॉजचा एक नंबर हाताशी ठेवाच.

भाड्याचं दोन प्रकारे असतं. काही ठिकाणी २४ तास, म्हणजे सकाळी ९ ला शिरलात तर दुसऱ्या दिवशी ९ ला दिवस संपला. काही ठिकाणी दुपारी १२ चा हिशोब. दोन रात्रींसाठी २४ तासांचं लॉज घेत असाल तर दुपारनंतर शिरा, म्हणजे शेवटच्या दिवशी सकाळची धावपळ होत नाही. रजिस्टरवर शिरल्याची वेळ तुमच्यासमोर लिहून घ्या, भांडण तिथंच होतं. मोठ्या चौघांचीही ओळखपत्रं लागतील, झेरॉक्स घरूनच आणा. वीज नसली की झेरॉक्सचं दुकानही बंद.

जांभा_आणि_कौल

जेवणाचं राहिलं. खानावळीत ज्वारीची भाकरी, भाजी, आमटी-भात चांगलं मिळतं, पण पावसाळ्यात रात्री साडेआठनंतर भाकरी संपते आणि साडेनऊला दार लागतं. दुपारी जाताना रात्रीच्या भाकऱ्या सांगून ठेवा. आईंसाठी थर्मासमध्ये गरम पाणी भरून घ्या, खानावळवाले देतात. आणि दोन्ही खोल्या शेजारीशेजारी मागा. आईंना रात्री दम लागला तर पंप कुठल्या बॅगेत आहे हे दोन्ही खोल्यांतल्या माणसांना माहीत असू द्या. सरकारी तालुका दवाखाना गावातच आहे, लॉजवर शिरतानाच मॅनेजरला तिथं जायचा रस्ता आणि रात्री येईल अशा एका रिक्षावाल्याचा नंबर विचारून घ्या.