थांबायची भीती वाटते, मग निदान कळवा तरी

'अपघातानंतर थांबलो तर जमाव जीव घेईल म्हणून ड्रायव्हर पळतो, त्याला दहा वर्षं कैद कशी द्यायची?' असं काही जण विचारतात. जमावाची भीती खरी आहे. पण भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे नव्या फौजदारी कायद्याचं, कलम 106(2) नीट वाचा. बेदरकार, निष्काळजी गाडी चालवल्याने माणूस दगावला आणि पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला लगेच न कळवता ड्रायव्हर पळाला, तर दहा वर्षांपर्यंत कैद. जागेवर थांबून मार खा, असं त्यात कुठेच नाही. पुढच्या चौकीत जाऊन सांगा, एवढंच मागितलंय.

तेवढंही नको म्हणून जानेवारी 2024 मध्ये ट्रकवाल्यांनी संप केला. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली तेव्हा नेमकं हेच उपकलम लागू न करता मागे ठेवलं गेलं. मला ते अजिबात पटलेलं नाही. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर आता पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पूर्वी जुन्या दंड संहितेच्या कलम 304अ खाली दोनच होती. पण पळून जाण्याचं काय?

माझ्या मावसभावाला पहाटे टेम्पोने उडवलं. किटल्या गटारात, दूध डांबरावर पसरलेलं, आणि तो जवळजवळ पाऊण तास श्वास घेत होता. टेम्पो सापडलाच नाही. गाडी सापडली असती तर वहिनीला विम्याचा दावा लावता आला असता. अज्ञात वाहन म्हटल्यावर भरपाईचे ठरलेले 2 लाख, बस. ड्रायव्हरने फक्त एक फोन करायला हवा होता.