धोमच्या बाजूला दोन एकर स्ट्रॉबेरी एकदम लावू का? भाजीला किती जागा ठेवू?

धोमकाठ

नमस्कार मंडळी,

वाई तालुक्यात धोम धरणाच्या वरच्या अंगाला आमची सव्वादोन एकर जमीन आहे, दोन तुकड्यांत. वरचा एक एकर तांबडी मुरमाड, उताराची, पाणी थांबत नाही. खालचा सव्वा एकर ओढ्याच्या कडेला, काळी. दोन्हींच्या मध्ये एकच विहीर. माझं वय २६, कृषी पदविका झाल्यापासून तीन वर्षं शेती मीच बघतोय. घरी आई, वडील, वहिनी आणि मी.

आजवर पावसाळ्यात घेवडा आणि टोमॅटो, हिवाळ्यात गहू आणि थोडा वाटाणा, असं चालायचं. गेल्या हंगामात वरच्या तुकड्यात पहिल्यांदाच १५ गुंठे स्ट्रॉबेरी लावली. विंटर डॉन जातीची साडेआठ हजार रोपं. २८ सप्टेंबरला लागवड, ६ डिसेंबरला पहिला तोडा. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ३ टन १०० किलो माल निघाला. खर्च जाऊन जे हातात राहिलं, तेवढं भाजीत दोन वर्षांतही राहिलं नव्हतं.

आता नर्सरीवाला बुकिंगचा आगाऊ पैसा मागतोय. माझ्या मनात दोन एकर आहे, म्हणजे ४५ हजार रोपं. वडील म्हणतात एवढी उडी नको. मला वाटतं ठिबक आणि पाइपलाइन करायचीच आहे, तर एकदाच करावी. खालच्या तुकड्यात गेल्या पावसाळ्यात टोमॅटो होता. तिथे स्ट्रॉबेरी चालेल का? आणि भाजी ठेवायची तर किती? या आठवड्यात बुकिंगचा निरोप द्यायचा आहे.

घाटवाट

लाव बिनधास्त. डिसेंबरात जो दर मिळतो तो कुठल्याच भाजीला मिळत नाही. नाताळच्या आठवड्यात महाबळेश्वर-पाचगणीत पर्यटक मावत नाहीत, पनेट (फळाची छोटी प्लास्टिकची डबी) ठेवलं की संपलं. वाशीच्या घाऊक बाजारातही तेव्हा माल कमी पडतो. जितकं जास्त लावशील तितकं त्या पंधरवड्यात सापडेल.

पठारावरची काकू

पोस्ट काल रात्रीच वाचली, पण आकडे नीट मांडून लिहावं म्हणून सकाळपर्यंत थांबले. माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून अरे-तुरे करते. पाचगणीच्या पठारावर आम्ही १९९४ पासून स्ट्रॉबेरी करतोय.

१५ गुंठ्यांत तीन टन काढलेस, म्हणजे पीक तुला साधलंय. पण स्ट्रॉबेरी किती लावायची हे मी जमिनीवरून ठरवत नाही, तोडायला माणसं किती यावरून ठरवते. एकरात साडेबावीस हजार रोपं बसतात. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत भर असतो. तेव्हा दिवसाआड तोडा, आणि एका तोड्याला एकरी अडीचशे-तीनशे किलो. सराईत बाई साडेसहाला वाफ्यात शिरली तर ऊन चढेपर्यंत तीस किलोच्या आसपास तोडते. फळ ओढायचं नसतं, देठ नखानं चिमटून थोडं ठेवून घ्यायचं. जोरात बोट लागलं तर दुसऱ्या दिवशी तिथे डाग दिसतो. मग निवड, पनेट भरणं, पेट्या बांधणं, आणि दुपारची गाडी गाठायची. म्हणजे एकराला दहा माणसं. तुमची घरची चार. बाकीची गावात मिळतात का, आणि त्याच दिवसांत गव्हाची काढणी निघाली तर तुझ्याकडे येतात का, हे आधी बघ.

आमच्यावर काय आलं ते सांगते. २०१९ साली शेजारचं दीड एकर खंडानं घेऊन आम्ही एकूण तीन एकर लावले. त्या वर्षी ऑक्टोबर संपत आला तरी पाऊस हटेना. वाफसा नाही तर वाफे कसे पाडणार? शेवटची रोपं दिवाळी झाल्यावर लागली. सप्टेंबरअखेर लागलेलं रोप थंडी पडेपर्यंत मूळ धरतं, फुटवे काढतं, आणि त्या फुटव्यांवर फूल येतं. नोव्हेंबरात लागलेल्याला तेवढी सवडच मिळत नाही. आमचा डिसेंबर-जानेवारीचा बहर जवळजवळ गेला आणि सगळा माल फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये एकदम अंगावर आला. बायका होत्या तेरा, लागत होत्या तीस. आज लाल झालेलं फळ उद्या राहिलं की परवा बुडाशी मऊ पडतं. मल्चिंगच्या, म्हणजे वाफ्यावर अंथरलेल्या प्लास्टिकच्या, कागदावर रस ओघळलेला असायचा. क्रेट उचलला की तळातून लाल थेंब लुगड्यावर पडायचे. बरंचसं फळ हिरवी टोपी काढून जॅमसाठी दिलं, मिळेल त्या दरानं. आणि २५ मार्चपासून टाळेबंदी लागली. पर्यटक नाही, गाडी नाही, जॅमवाल्यांकडेही माणूस नाही. शेवटचे तीन आठवडे आम्ही फळ तोडून बांधावर टाकलं, कारण झाडावर ठेवलं तर बुरशी सगळ्या वाफ्यात पसरते. दीड एकर असतं तर निम्म्याहून जास्त फळ मार्चआधीच हाताखालून गेलं असतं.

तेव्हापासून आम्ही दीड एकराच्या पुढे गेलेलो नाही.

घाटवाट दादांचं म्हणणं खोटं नाही, नाताळाला दर असतोच. पण डिसेंबरअखेरपर्यंत माझ्या एकूण मालाचा जेमतेम सातवा हिस्सा निघतो. दोन एकर लावल्यानं तो सातवा हिस्सा वाढेल, आणि उरलेले सहाही वाढतील. ते कुठे देणार, हे आधी ठरलेलं हवं. शिवाय डिसेंबर हातात असतोच असंही नाही. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला अवकाळी पाऊस झाला तेव्हा ऐन पहिल्या बहराची फुलं काळी पडली होती.

आता तुझी जागा. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर, वाई सातशेच्या वर थोडी. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांचा फरक धर, म्हणजे तुझ्याकडे आमच्यापेक्षा तीन-चार अंश जास्त. स्ट्रॉबेरीच्या या जाती लहान दिवसांच्या, म्हणजे दिवस लहान असताना फूल धरणाऱ्या. आपल्याकडे जूनमधला सर्वांत मोठा दिवसच सव्वातेरा तासांचा असतो, त्यामुळे दिवसाच्या लांबीपेक्षा रात्रीचा गारवाच इथे जास्त राज्य करतो. दिवसा २२ ते २५ आणि रात्री दहाच्या आसपास असलं की फूल धरतं. तुझ्याकडे मार्च तापला की फळ बारीक होईल आणि लाल कोळी ही कीड चढेल, तेव्हा तुझा हंगाम आमच्यापेक्षा तीन आठवडे तरी लवकर संपतो असं धरूनच हिशेब कर.

खालच्या तुकड्यात लावू नकोस. एक तर काळी जमीन ओल धरून ठेवते आणि रोपाचा गड्डा, म्हणजे मुळांच्या वरचा पानं फुटतात तो भाग, कुजतो. दुसरं, टोमॅटो, बटाटा, वांगी, मिरची यांच्या मागे स्ट्रॉबेरी लावायची नसते, मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते. तिसरं म्हणजे ओढ्याकाठी रात्री थंड हवा उतरून साचते. ऐकायला ते बरं वाटतं, पण तिथे दहिवर नऊ-नऊ वाजेपर्यंत सुकत नाही आणि फळावर राखाडी बुरशी येते. तिथे वाटाणा आणि गहूच बरे.

पाणी मोजलंस का? फेब्रुवारी-मार्चमध्ये एकराला रोज बारा ते पंधरा हजार लिटर लागतं. दोनशे लिटरचं पिंप पंपाखाली धर, किती सेकंदांत भरतं ते बघ, आणि गेल्या मार्चमध्ये विहीर किती तास टिकत होती ते वडिलांना विचार.

सुरगाण्याकडून

आम्ही नाशिक जिल्ह्यात, सुरगाणा तालुक्यात, सापुताऱ्याच्या पायथ्याशी. आमच्याकडे स्ट्रॉबेरी आली त्याला फार वर्षं झाली नाहीत. इथे कोणी दोन एकर लावायचं मनातही आणत नाही. माझी १० गुंठे आहे, भावाची ८. कारण आमचा बाजार म्हणजे नाशिक-सापुतारा रस्ता. सकाळी तोडायची, दहापर्यंत रस्त्याच्या कडेला मांडायची. गुजरातकडून येणारे गाडी थांबवून घेतात. शनिवार-रविवार उठाव चांगला, मंगळवार-बुधवार मंद. मंद दिवशी उरलेला माल नाशिकला पाठवतो, तिथे दर निम्माही मिळत नाही. म्हणून रस्त्यावर आठवड्याला जेवढी खपते तेवढीच लावतो.

धोमकाठ, तुझ्या गावावरून पर्यटकांचा रस्ता जातो का? तसं असेल तर काही भाग किरकोळ विकता येईल, नाहीतर सगळा माल मार्केटच्या दरावर. काकूंनी माणसांवर मोजलं, मी गिऱ्हाइकावर मोजतो. दोन्ही मोजून बघ.

आणखी एक. आम्ही उरलेल्या शेतात नागली आणि भात सोडत नाही. स्ट्रॉबेरी बुडाली तर घरात खायला असतं.

धोमकाठ

काकू, दादा, खूप आभार. काल दिवसभर हेच केलं.

पिंप ६५ सेकंदांत भरलं, म्हणजे तासाला ११ हजार लिटर. वडील म्हणाले मार्चच्या मध्यापासून विहीर दिवसाला दोन तास देते. म्हणजे २२ हजार. खालच्या वाटाण्या-गव्हाचं पाणी तोवर संपलेलं असतं, तरी जनावरांचं आणि घरचं वजा जाता एकच एकर भागतं. दोन एकरांचं पाणी माझ्याकडे नाहीच. हे मी बुकिंगआधी मोजलं नव्हतं.

माणसं: आईनं वाडीवर विचारलं. तिघी जणी पूर्ण हंगाम यायला तयार आहेत, त्यांतल्या दोघी गेल्या वर्षी होत्याच. आमची घरची चार. सात झाली.

गिऱ्हाईक: मेणवलीकडे वाडा आणि घाट बघायला लोक येतात, तो रस्ता आमच्यापासून चार किलोमीटरवर. शनिवार-रविवार वहिनी तिथे बसायला तयार आहे. बाकीचा माल पुण्याच्या गाडीला.

एकराचे गुंठे चाळीस, म्हणजे सात माणसांना २८ गुंठे होतात. ३० लावू का? वरच्या तुकड्यात गेल्या वर्षीचे १५ गुंठे सोडले तर २५ च नवे मिळतात. त्याच १५ मधल्या पाच गुंठ्यांत पुन्हा स्ट्रॉबेरी घेतली तर चालेल का?

पठारावरची काकू

शाब्बास. वडिलांना हा हिशेब दाखव, त्यांची काळजी निम्मी होईल.

त्या पाचात पुन्हा घेऊ नकोस, २५ च लाव. गेल्या वर्षीच्या १५ गुंठ्यांतला मल्चिंग कागद धड असेल तर त्यावरच्या भोकांत आत्ता घेवडा टोक. जमिनीला नत्र मिळेल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात शेंगा हाताशी येतील. कागद फाटला असेल तर काढून झेंडू लाव, सूत्रकृमी कमी होतात आणि दसऱ्याला फुलं विकली जातात. स्ट्रॉबेरी तिथे पुढच्या वर्षी.

२५ गुंठ्यांना १४ हजार रोपं. त्यात सगळी विंटर डॉन घेऊ नकोस. ९ हजार विंटर डॉन आणि ५ हजार नाबिला ही दुसरी जात घे, म्हणजे बहर एकाच आठवड्यात येणार नाही आणि सातच माणसांना झेपेल. काही रोपं मरतातच, म्हणून हजार जास्तीची सांग.

आगाऊ पैसा देण्याआधी नर्सरी डोळ्यांनी बघ. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या वर्षी आमच्या भागातल्या रोपवाटिकांत मदर प्लांट, म्हणजे ज्यांच्यापासून रोपं तयार करतात ती झाडं, मातीसकट वाहून गेले आणि सप्टेंबरात रोपं मिळेनात. मी ज्यांच्याकडे पैसे भरले होते त्यांनी दुसरीकडून आणून दिली ती रोगट निघाली, आणि पैसे काही परत आले नाहीत. तेव्हापासून मी दोन वेगवेगळ्या ठिकाणी निम्मं-निम्मं बुकिंग करते. एक तरी नर्सरी खाली, कमी पावसाच्या गावात असावी. शेडमध्ये पाणी साचतं का, ते पाऊस चालू असतानाच जाऊन बघ, उघडिपीत कळत नाही.

रब्बीची ई-पीक पाहणी, म्हणजे सातबारावर पीक लावायची मोबाइलवरची सरकारी नोंद, सुरू झाली की शेतात उभं राहून ॲपमध्ये फोटोसकट नोंद कर, दोन्ही तुकड्यांची वेगवेगळी. अवकाळी झाला आणि पंचनाम्याला माणसं आली तर सातबारावर स्ट्रॉबेरी दिसली पाहिजे, गहू नव्हे.

आणि लागवडीच्या दिवशी वाडीवरच्या नव्या बाईला पहिली पन्नास रोपं स्वतः लावून दाखव. गड्डा मातीच्या पातळीला आला पाहिजे. खाली गेला तर पाणी साचून कुजतो, वर राहिला तर मुळं उघडी पडून सुकतात. मुळं भोकात वाकडी दुमडायची नाहीत, लांब असतील तर चार बोटं ठेवून कात्रीनं कापायची. दुपारी चारनंतर लाव आणि लावल्या लावल्या ठिबक सोड. पहिली फुलं खुडून टाक, मनाला लागलं तरी.

सप्टेंबरात रोपं आली की मुळांचा फोटो इथे टाक. पांढरी आहेत की तपकिरी, ते बघून सांगते.