'डीप पर्पल इन रॉक' (१९७०): या आल्बमचे आकर्षण नेमके कशात आहे?

प्रश्न: मध्यलय

डीप पर्पल या ब्रिटिश बँडशी माझी ओळख बहुतेकांप्रमाणे 'स्मोक ऑन द वॉटर'मुळे झाली आणि ते गाणे ज्यात आहे तो १९७२ चा 'मशीन हेड' मी पुष्कळदा ऐकला आहे. तो आल्बम मला नीटस वाटतो. प्रत्येक वाद्य आपापल्या जागी स्पष्ट ऐकू येते आणि गाणे लांबले तरी कंटाळा येत नाही. मात्र जुन्या श्रोत्यांशी या बँडविषयी बोलणे निघाले की ते हटकून 'इन रॉक'चे नाव घेतात आणि 'मशीन हेड'ला दुसरा क्रमांक देऊन मोकळे होतात.

म्हणून 'इन रॉक' सलग ऐकला. 'चाइल्ड इन टाइम' पहिल्याच वेळी आवडले, त्याबद्दल वाद नाही. उरलेल्या सहा गाण्यांत मात्र मला बराचसा गोंगाटच जाणवला. सुरुवातच अशी आहे की स्पीकर बिघडला की काय अशी शंका यावी, आणि पुढे गिटार कोठे संपते व ऑर्गन कोठे सुरू होतो हे कित्येकदा कळतच नाही. या आल्बमची थोरवी 'त्या काळी हे नवीन होते' एवढ्यापुरतीच आहे, की आज प्रथम ऐकणाऱ्यालाही त्यात काही सापडावे? सापडणार असेल तर कान कशाकडे लावावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १: बाजू दुसरी

गिटार आणि ऑर्गन वेगळे ओळखू येत नाहीत ही आपली तक्रार आहे, आणि माझ्या मते या आल्बमची खरी गंमत तिथेच आहे.

आपल्याकडे ऑर्गन म्हटले की संगीत नाटकांतला, पायाने भाता मारून वाजवायचा ऑर्गन आठवतो. जॉन लॉर्ड वाजवत असे तो हॅमंड ऑर्गन अगदी निराळा. त्यात हवा नाही आणि हवेने थरथरणाऱ्या स्वरपट्ट्याही नाहीत; धातूची दातेरी चाके चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यांसमोर फिरतात, त्यातून विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्याचा पुढे आवाज होतो. हॅमंड सहसा लेस्ली नावाच्या स्पीकरमधून ऐकवला जाई. त्यातला कर्णा गोल फिरत असल्याने आवाजाला लाटांसारखे हेलकावे मिळत, आणि चर्चमध्ये किंवा जॅझमध्ये ते शोभूनही दिसे. रिची ब्लॅकमोरची गिटार मोठ्या मार्शल ॲम्प्लिफायरमधून वाजू लागल्यावर तिच्यापुढे हे हेलकावे बुडून जाऊ लागले, तेव्हा लॉर्डने आपला ऑर्गनही मार्शलला जोडला. त्यामुळे ऑर्गनचा आवाज फाटला, खरखरीत झाला आणि गिटारच्या पट्ट्यात येऊन तिच्याशी भिडू लागला. त्या काळच्या बहुतेक बँडमध्ये ऑर्गन मागे राहून सुरांचा गालिचा अंथरण्याचे काम करीत असे. इथे दोन वाद्ये एकाच जागेवर हक्क सांगतात आणि कोणीच मागे सरत नाही.

ही ईर्ष्या आली कोठून, हे कळले तर ऐकणे सोपे होईल. हा त्यांचा पहिला आल्बम नव्हे, चौथा आहे. पण गायक इयन गिलन आणि बेसवादक रॉजर ग्लोव्हर १९६९ च्या मध्यावर बँडमध्ये आल्यानंतरचा हा पहिला स्टुडिओ आल्बम. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर लॉर्डने रचलेला कॉन्चेर्टो, म्हणजे बँड आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची दीर्घ रचना, सादर केला. वर्तमानपत्रांनी दखल घेतली आणि लोक त्यांना 'ऑर्केस्ट्राबरोबर वाजवणारा बँड' म्हणून ओळखू लागले. ब्लॅकमोरला हे मुळीच मानवणारे नव्हते. पुढचा आल्बम आरंभापासून शेवटपर्यंत दणदणीत असेल असे त्यामुळे ठरले, आणि दौऱ्यांमधून सवड मिळेल तशी लंडनच्या तीन स्टुडिओंमध्ये ध्वनिमुद्रणे करून जून १९७० मध्ये तो बाहेर आला. आपल्याला गोंगाट वाटलेली सुरुवात ही त्या निश्चयाची जाहीर घोषणा आहे. आणि तिच्या पाठोपाठ, गाणे सुरू होण्यापूर्वी, लॉर्ड एकटाच ऑर्गनवर अतिशय शांत, जवळजवळ प्रार्थनेसारखे काही वाजवतो, तेही खोडसाळपणे मुद्दाम तिथे ठेवलेले आहे.

आता त्या पहिल्या गाण्याचा, 'स्पीड किंग'चा, मधला भाग पुन्हा ऐकावा. तिथे आवाज एकदम खाली येतो आणि गिटार व ऑर्गन यांचा सवाल-जवाब सुरू होतो. एकाने टाकलेली जागा दुसरा उचलतो, किंचित वाकडी करून परत करतो, आणि अखेरीस गिलनचे हसणे ऐकू येते. 'ब्लडसकर'मध्ये हेच अधिक आक्रमकपणे होते, कारण तिथे दोघे एकमेकांना दम खाऊ देत नाहीत. ही दोन ठिकाणे नीट ऐकली की बाकीच्या गाण्यांतही दोन आवाज वेगळे ओळखता येऊ लागतात.

प्रतिसाद २: खर्ज

वरील प्रतिसादातील ऑर्गनविषयीचे विवेचन मान्य आहे, पण आल्बमला सरसकट डोक्यावर घेण्याची प्रथा मला पटत नाही. दुसऱ्या बाजूवरचे 'लिव्हिंग रेक' हे गाणे चालीच्या दृष्टीने सामान्य आहे आणि 'इन्टू द फायर' एका जड रिफच्या (पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्याच्या) जोरावर कसेबसे उभे राहते. शब्दांची बाजू तर आणखी लंगडी आहे. 'स्पीड किंग'चे शब्द म्हणजे अमेरिकन रॉक अँड रोल गायक लिटल रिचर्डच्या जुन्या गाण्यांची नावे आणि तुकडे एकत्र शिवलेली गोधडी आहे. त्यात अर्थ शोधू नये.

'चाइल्ड इन टाइम'विषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण प्रश्नकर्त्यांना ते आवडले असले तरी त्याची घडण उलगडून पाहण्यासारखी आहे. ऑर्गनवरची मूळ धून त्यांची स्वतःची नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या बँडची 'बॉम्बे कॉलिंग' नावाची जलद वाद्यरचना १९६९ मध्ये आली होती. लॉर्ड ती सहज वाजवत बसला असता तिची लय उतरवली गेली आणि हे गाणे जन्माला आले. (त्या बँडनेही पुढे डीप पर्पलच्या 'रिंग दॅट नेक'वरून आपली 'डॉन अँड ड्यूई' ही रचना बेतली, त्यामुळे हिशेब फिटला असे म्हणता येईल.) दहा मिनिटांहून अधिक चालणाऱ्या या गाण्यात शब्द फार थोडे आहेत. गिलन ते एकदा गातो आणि मग शब्द सोडून नुसत्या स्वरावर येतो: प्रथम गुणगुणल्यासारखा, नंतर छातीतून, शेवटी तार सप्तकात किंचाळी फुटेपर्यंत, आणि प्रत्येक पायरीवर तो पुरेसा रेंगाळतो. त्यानंतर लय वाढत जाऊन गिटार सुटते आणि अगदी भरात असताना सारे एका ठोक्यासरशी तुटून पुन्हा तीच संथ ऑर्गनची धून येते. आपल्या श्रोत्याला विलंबितातून द्रुतात जाण्याची सवय असते, म्हणून हे गाणे इथे लवकर रुचते असा माझा समज आहे. पण द्रुतातून असे अचानक मागे फेकले जाणे आपल्या सवयीचे नाही, आणि मला तोच क्षण सर्वांत मोलाचा वाटतो.

विशेष म्हणजे अल्बर्ट हॉलमधील त्या रात्री ऑर्केस्ट्रापूर्वी बँडने जी मोजकी गाणी वाजवली, त्यांत हेही होते. म्हणजे 'इन रॉक' हा ऑर्केस्ट्राच्या प्रयोगावरचा उतारा होता असे म्हणताना थोडे जपून म्हणावे, कारण त्याचा सर्वोत्तम भाग आधीच तयार होता. शिवाय ते गाणे ऐकायचेच तर १९७२ च्या जपान दौऱ्यात मुद्रित झालेल्या 'मेड इन जपान'मधले ऐकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. स्टुडिओतल्या रूपात गिटारचा भाग वेगवान असला तरी थोडा पाठ केल्यासारखा वाटतो.

प्रतिसाद ३: डावरा ठेका

'मेड इन जपान'बद्दल सहमत आहे, पण 'लिव्हिंग रेक'ला सामान्य म्हणताना इयन पेस काय वाजवतो तेवढे पुन्हा ऐकावे. तो डावखुरा ड्रमर आहे आणि त्याच्या हातात जॅझचा डौल आहे. दणका देतानाही ठोका किंचित झुलवत ठेवतो, त्यामुळे एवढा अवजड आवाज असूनही संगीत पाय ओढत चालत नाही. 'फ्लाइट ऑफ द रॅट' जवळपास आठ मिनिटांचे असूनही धापा टाकत नाही, याचे श्रेय पूर्णपणे त्याचे आहे. आणि शेवटच्या 'हार्ड लव्हिन मॅन'मधली घोड्याच्या टापांसारखी चाल ऐकली की पुढच्या दशकातले हेवी मेटल कोठून आले याचा अंदाज येतो. आल्बमवर हे गाणे ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च याला अर्पण केलेले आहे, आणि पुढे हाच बर्च आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचा निर्माता झाला.

मध्यलय

सर्वांचे आभार. 'स्पीड किंग'मधला सवाल-जवाब सांगितल्याप्रमाणे ऐकला आणि दोन वाद्ये खरोखरच वेगळी ऐकू आली. 'ब्लडसकर'मध्ये अजून चुकामूक होते. एक शंका उरली. माझ्या एका स्नेह्यांकडील प्रतीत सुरुवातीचा तो गोंगाट आणि त्यानंतरचा शांत ऑर्गन मुळीच नाही, गाणे थेट सुरू होते. ती प्रत सदोष आहे काय?

प्रतिसाद १: बाजू दुसरी

सदोष नाही. अमेरिकेतील मूळ आवृत्तीत तो आरंभीचा भाग कापलेला होता, त्यामुळे आपल्या स्नेह्यांची प्रत त्याच वंशातली असावी. घेणारच असाल तर १९९५ मध्ये निघालेली पंचविसाव्या वर्षाची आवृत्ती पाहावी. तीत पूर्ण 'स्पीड किंग' आहे, त्याच सुमारास वेगळे काढलेले आणि मूळ आल्बमवर नसलेले 'ब्लॅक नाइट' आहे, आणि 'स्पीड किंग'चे एक असे रूपही आहे ज्यात लॉर्ड हॅमंडऐवजी पियानो वाजवतो. दोन्ही रूपे लागोपाठ ऐकल्यास मार्शलला जोडलेल्या ऑर्गनने या गाण्याचे काय केले ते आपोआप कळेल. 'ब्लडसकर'साठी हेडफोन वापरावेत.