व्हीए-एपीआय: फोटो नीट उघडतात, कॅमेऱ्याच्या फ्रेम्स बिघडतात

मागकरी: नमस्कार मंडळी. इचलकरंजीत मित्राच्या यंत्रमागावर कापडाचे दोष टिपायचे आहेत. छोटा इंटेल पीसी, लिनक्स, १२८० × ७२० चा यूएसबी कॅमेरा, एमजेपेग (प्रत्येक फ्रेम म्हणजे एक वेगळं जेपेग चित्र). डिकोडिंग ग्राफिक्स चिपवर व्हावं म्हणून व्हीए-एपीआय (ग्राफिक्स चिपकडून डिकोडिंग करून घ्यायचा इंटरफेस) थेट सी भाषेतून वापरतोय. मोबाइलचे फोटो त्याच कोडने स्वच्छ उघडतात. कॅमेऱ्याच्या फ्रेम्सचा मात्र नुसता रंगीत चुरा. सरफेस (डिकोड झालेलं चित्र जिथे उतरतं ती जागा) ४:२:२ चा आहे (रंगाची माहिती आडवी निम्मी), एकही कॉल एरर देत नाही. कुठे शोधू?

जुनापापी: तुमच्या फ्रेममध्ये एफएफ-सी४ हा मार्कर (हफमन टेबलांची, म्हणजे दाबलेला डेटा उलगडायच्या कोष्टकांची, खूण) आहे का, ते आधी हेक्समध्ये पाहा. माझा अंदाज, नसणार.

हा डिकोडर फाइल वाचत नाही हो. हेडर आपणच फोडायचं आणि तुकडे वेगवेगळ्या बफरमध्ये द्यायचे: चित्राची मापं, क्वांटायझेशन टेबलं (चित्राचा बारकावा किती कमी केला ते सांगणारी; झिगझॅग क्रमातच, उलगडू नका), हफमन टेबलं, स्लाइसची (चित्राच्या डेटाच्या तुकड्याची) माहिती आणि शेवटी एफएफ-डीए या मार्करचं (इथून चित्राचा डेटा सुरू होतो) हेडर संपल्यावरचा डेटा. त्यात एफएफ नंतर येणारे शून्य बाइट काढायचे नाहीत, ते हार्डवेअर बघून घेतं.

बरेच यूएसबी कॅमेरे जागा वाचवायला हफमन टेबलं पाठवतच नाहीत. १९९२ च्या जेपेग मानकाच्या 'के' परिशिष्टातली नमुना टेबलं सगळ्यांकडे आहेत असं धरून चालतात. लिबजेपेग-टर्बोसारख्या नव्या लायब्ररीत हे कुठेतरी आत भागतं, म्हणून जाणवत नाही. इथे तुमचा बफर शून्यांनी भरलेला जातो, आणि चिप तो निमूट स्वीकारते. ती टेबलं कोडमध्ये कायमची ठेवा. फ्रेममध्ये स्वतःची असतील तरच बदला. बफरमधलं लोड-हफमन-टेबल हे फील्ड टेबलांच्या दोन्ही संचांसाठी १ करायला विसरू नका.

खात्री हवी तर एफएफएमपेग या व्हिडिओ साधनाच्या एमजेपेग२जेपेग फिल्टरमधून एक फ्रेम काढा. तो हीच टेबलं घालतो. ती फ्रेम तुमच्या कोडने उघडली तर प्रश्न मिटला.

मागकरी: सी४ खरंच नाही! टेबलं घातली आणि धागे दिसायला लागले, फार बरं वाटलं. पण फक्त वरच्या अर्ध्यात. खाली सपाट हिरवं.

रेषामापी: हिरवं म्हणजे तिथे काहीच लिहिलं गेलं नाही, वाययूव्हीमध्ये (एक उजेडाचा आणि दोन रंगाचे आकडे) तिन्ही शून्य असले की हिरवंच दिसतं. स्लाइसच्या बफरमधला एमसीयूंचा (जेपेग चित्र ज्या ठोकळ्यांत साठवतं त्यांचा) आकडा ३६०० आहे का? तो ४:२:० चा (रंग आडवा आणि उभाही निम्मा) हिशोब, १६ × १६ चे ठोकळे. मोबाइलचे फोटो त्या प्रकारचे असल्याने चालून गेलं. कॅमेरा ४:२:२ देतो, ठोकळा १६ × ८. म्हणजे ८० × ९० = ७२००. आकडा हाताने लिहू नका, एफएफ-सी० (चित्राची मापं देणारा मार्कर) मधल्या सॅम्पलिंग फॅक्टरवरून काढा.

जुनापापी: बरोबर. आणि तिथेच सी० ऐवजी सी२ आढळलं तर ती फाइल प्रोग्रेसिव्ह (टप्प्याटप्प्याने स्पष्ट होणारी) आहे, चिपच्या या प्रोफाइलवर बेसलाइनच (साधा प्रकार) चालते. ती सीपीयूकडे वळवा.

मागकरी: ७२०० केलं. पूर्ण पन्हा दिसतोय, तुटलेला ताणाही ओळखू येतोय. दोघांचे मनापासून आभार.