राजीनामा देऊन 'इज्जत' राखा म्हणणाऱ्यांसाठी

कुर्ला लोकल (धागाकर्ता):

परवा 'सकाळची कॉफी' यांनी एक लेख टाकला होता. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी सार: नोकरी जाणार अशी कुणकुण लागली की काढायची वाट बघू नका, आपणच राजीनामा टाकून ताठ मानेने बाहेर पडा. काढलेल्या माणसाला बाजारात किंमत नसते. आणि शेवटी नेहमीचंच, बदल हा निसर्गाचा नियम आहे. खाली लोकांनी रांगेने 'अगदी मनातलं लिहिलंत' म्हटलंय. माझ्या मनातलं नाही, म्हणून वेगळा धागा.

वय ४४. एकाच कंपनीत ११ वर्षं. बीकेसीत बसतो. मागच्या महिन्यात एका गुरुवारी कॅलेंडरवर निमंत्रण आलं. विषय नुसता 'कॅच अप', वेळ पंधरा मिनिटं. आत गेलो तर साहेबांच्या शेजारी एचआर, आणि माझ्या जागेसमोर पाण्याची बाटली आधीच ठेवलेली. आमच्या ऑफिसात पाणी कुणी कुणाला विचारत नाही, तेव्हाच उमगलं. पीआयपी, म्हणजे 'कामगिरी सुधारा नाहीतर जा' अशी मुदत, साठ दिवस. आज छत्तिसावा. याच साहेबांनी एप्रिलच्या अप्रेझलला मला वरची श्रेणी दिली होती. विचारलं तर म्हणे बिझनेसची गरज बदलली.

आठवड्याने एचआरने वेगळं बोलावलं. "दुसरा मार्गही आहे. तुम्ही राजीनामा द्या, आम्ही दोन महिन्यांचा पगार देतो, रेकॉर्ड स्वच्छ राहील."

आता हिशेब करू. कायद्याने तुम्ही कामगार ठरलात आणि कपातीत गेलात, तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, शिवाय पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. ११ वर्षांचे झाले साधारण साडेपाच महिने, नोटीस धरून साडेसहा. राजीनाम्यावर सही केली की हा दावाच संपला. म्हणजे इज्जतीचा भाव दोन महिने आणि बेइज्जतीचा साडेसहा. मी बेइज्जती घेतो.

राजीनाम्याचा तो कागद आपल्या मानासाठी नसतो, त्यांच्या सोयीसाठी असतो. काढायचंय ना? काढा. कारण लिहा आणि खाली सही तुम्ही करा.

सकाळची कॉफी:

टवाळी करण्याआधी लेख पूर्ण वाचला असता तर बरं झालं असतं. मी ज्ञान पाजळलेलं नाही, भोगलेलं लिहिलंय. २०२० च्या जूनमध्ये आम्हा दोघांना एकाच दिवशी हाच पर्याय दिला होता. मी राजीनामा दिला. माझा मित्र तुमच्यासारखाच अडून बसला, "काढा, मग बघतो." काढलं. पुढची दीड वर्षं प्रत्येक इंटरव्ह्यूत त्याला पहिला प्रश्न तोच. मी तीन महिन्यांत ठाण्यात रुजू झालो. तुमचे साडेसहा महिने त्या दीड वर्षाला पुरवून दाखवा.

आणि 'कामगार ठरलात तर' यातला 'तर' तुम्ही किती सहज लिहिलात! तो ठरवायला किती तारखा लागतात ते एकदा बांद्र्याला लेबर कोर्टाच्या बाकावर बसून बघा.

कुर्ला लोकल:

एका मित्रावरून सिद्धांत मांडला, छान. २०२० च्या जूनमध्ये कुणालाच नोकरी मिळत नव्हती, त्यात तो काढला गेला म्हणून की कोविड होता म्हणून, हे तुम्हाला कसं कळलं?

चौथा मजला:

मी एचआरमध्ये आहे. चपला मारून झाल्या की वाचा.

दोघेही अर्धे बरोबर आहात. 'मॅनेजर' असं पद लिहिलं म्हणून कुणी कामगार नाही असं होत नाही, प्रत्यक्ष काम काय करता ते बघतात. हाताखाली माणसं नसताना नावापुढे मॅनेजर लावलेले आमच्याकडे पोत्याने आहेत. पण माणसं सांभाळत असाल, रजा मंजूर करत असाल, तर धागाकर्त्यांचं गणित तिथेच कोसळतं. मग उरतं फक्त नेमणूकपत्रात लिहिलेलं. ते पत्र किती जणांनी शेवटचं कधी वाचलंय?

दुसरं, ग्रॅच्युइटी. पाच वर्षं झाली असतील तर ती राजीनामा दिला तरी मिळते. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. ती 'सेटलमेंट'मध्ये घालून उपकार केल्यासारखं दाखवतात, त्याला भुलू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यातल्या वेतन संहितेप्रमाणे राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. आमच्या पत्रात अजून 'पंचेचाळीस दिवस' छापलेलं आहे, मी सांगूनही बदललेलं नाही.

तिसरं, कॉफींच्या बाजूने. पुढची कंपनी बॅकग्राउंड तपासणी करते तेव्हा आमच्याकडे फॉर्म येतो. त्यात 'परत नोकरीवर घ्याल का?' असा एक रकाना असतो. तिथे 'नाही' पडलं की मग तुमचा खटला कितीही खरा असो. हे योग्य नाही. पण आहे.

कुर्ला लोकल:

बाई, एक सांगा. पीआयपीतून किती जण पास होतात तुमच्याकडे?

चौथा मजला:

मी इथे आकडे देणार नाही. वरून यादी नाही, संख्या येते, एवढंच सांगते. मग नावं शोधायची असतात. तुमचं नाव अप्रेझलमुळे आलेलं नाही, पगारामुळे आलं असणार.

कुर्ला लोकल:

धन्यवाद. साहेबांपेक्षा जास्त बोललात. कायदा म्हणतो शेवटी आलेला आधी जाईल, इथे सगळ्यात जुना आणि महाग आधी. मागे जुलै २०२५ मध्ये टीसीएसने दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करायचं जाहीर केलं, तेव्हाही मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली.

बाकी अप्रेझलच्या सगळ्या मेल मी स्वतःच्या जीमेलवर पाठवून ठेवल्यात. पुरावा आहे.

चौथा मजला:

अहो!! आत्ताच्या आत्ता थांबवा. ऑफिसची मेल बाहेर पाठवली की डेटा पॉलिसीचा भंग. तुम्हाला काढायचं कारण ते शोधतच होते, तुम्ही ताटात वाढून दिलंत. मग नुकसानभरपाई नाही, पीआयपी नाही, थेट शिस्तभंग. पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, नेमणूकपत्र तुमचं स्वतःचं आहे, ते घ्या. बाकी तारखा वहीत लिहा, हाताने.

कुर्ला लोकल:

... चार मेल गेल्यात. बघतो.

उद्योजक मावळा:

दुसऱ्याची चाकरी केली की हेच होणार. मराठी माणूस कधी सुधारणार? वडापावची गाडी टाका, तुमच्या मॅनेजरपेक्षा जास्त कमवाल.

नाहूरकर:

गाडी टाकायला परवाना तुमचे वडील देणार का? माझ्या मेहुण्याची गाडी महापालिकेने तीनदा उचलून नेली, दर वेळी दंड भरून सोडवली. तिसऱ्यांदा सिलिंडर परत मिळालाच नाही. आता तो एका गोदामात रात्रपाळी करतो. चाकरीच.

गिरणगावचा:

पीआयपी, कॅच अप, सेटलमेंट. शब्द नवे, बाकी सगळं पाहिलेलं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या कापड गिरण्यांतली अडीच लाख माणसं संपावर गेली. माझे वडील साचेखात्यात होते. त्यांना 'काढलं' असं पत्र आलं नाही, त्यांनी राजीनामाही दिला नाही. संप अधिकृतपणे कुणी मागेच घेतला नाही. कागदोपत्री बाबा अजून संपावर आहेत, जाऊन वीस वर्षं झाली तरी. लोअर परळच्या काचेच्या इमारतींत बसून तुम्ही ज्याला मीटिंग रूम म्हणता तिथे सूत उडायचं. आणि गिरणी कामगारांच्या वारसांना घर द्यायचं म्हटलं की मुंबईपासून लांबचं शेलू आणि वांगणी दाखवतात.

धागाकर्त्यांनी सही करू नये. एकट्याने मात्र लढू नये.

सकाळची कॉफी:

काका, आदर आहे, पण तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे. अडून बसले त्यांचं काय झालं? संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंत यांनी वेळीच तडजोड केली असती तर?

गिरणगावचा:

तडजोड कुणाशी? करार करायचा अधिकार कायद्याने एकाच मान्यताप्राप्त संघाला होता, आणि तो संघ कामगारांना नको होता. मालकांना जमीन दिसत होती. तुम्ही कॉफी प्या.

नाहूरकर:

सुरू झालं. आता हा धागा परळहून परत येत नाही.

पालवी:

परत आणते. या सगळ्या हिशेबात एक माणूस कुठेच नाही, घरचं. माझा नवरा सात महिने रोज सकाळी डोंबिवलीहून ८:१४ ची फास्ट पकडत होता. डबा घेऊन. नोकरी फेब्रुवारीतच गेली होती. कधी दादरला वाचनालयात, उन्हाळ्यात मॉलमध्ये एसीला. दर एक तारखेला आमच्या जॉइंट खात्यात 'पगार' यायचा. तो पर्सनल लोनचा होता. बँकेच्या वसुलीवाल्याचा फोन मला आला तेव्हा कळलं. नोकरी गेल्याचं मला काही नव्हतं हो, मी शाळेत शिकवते, वर्षभर ढकललं असतं. त्या सोळा टक्के व्याजाचं आजही आहे. आणि मी सात महिने पहाटे उठून डबा कुणासाठी भरत होते, याचं.

नाहूरकर:

ताई, वाईट झालं. पण दुसरी बाजूही बघा. घरी सांगितलं की संध्याकाळपर्यंत सासुरवाडीला कळतं. मग रोज एक फोन, 'काही झालं का?' त्या फोनला घाबरून माणूस लपवतो. बायकांच्या पोटात राहत नाही, हे खरंच आहे.

पालवी:

माझ्या पोटात तुमच्या मित्रमंडळींच्या बायकांनी सांगितलेल्या इतक्या गोष्टी राहिल्यात की लिहायला बसले तर तुमच्या सोसायटीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही. फोनला घाबरून साडेतीन लाखांचं कर्ज? तुमच्या घाबरण्याचा हप्ता मी भरलाय, अजून अकरा बाकी आहेत.

नाहूरकर:

वैयक्तिक घेऊ नका.

पालवी:

वैयक्तिकच आहे ते!

निमा ऐरोली:

पालवीताई, मी उलटं सांगते. माझी गेली तेव्हा त्याच रात्री घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "बरं झालं, आता मुलांकडे बघता येईल." सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी कामवाली बंद केली. मी अर्ज करत होते, इंटरव्ह्यू देत होते, पण घरात माझी नोकरी 'सुटली' नव्हती, 'संपली' होती. परत लागायला चौदा महिने गेले, त्यातले सहा लॅपटॉप उघडायला वेळच मिळाला नाही. पुढच्या वेळी मीही डबा घेऊन ट्रेनमध्ये बसेन.

पालवी:

हे मला सुचलं नव्हतं. तरी लोन काढू नका.

गिरणगावचा:

आमच्या चाळीत लपवायची सोयच नव्हती. भोंगा वाजला नाही की सगळ्यांना एकाच वेळी कळलं. आईने पंधरा दिवसांत खानावळ सुरू केली, आधी आठ डबे. लाज कुणाला वाटणार? सगळेच घरी बसलेले. तुम्हा लोकांना एकेकट्याला खोलीत बोलावून काढतात, म्हणून लाज वाटते.

सकाळची कॉफी:

काका, हे मात्र मान्य. (मान्य केलं, आता स्क्रीनशॉट काढून ठेवा.) माझ्या लेखात इज्जतीबद्दल जे लिहिलंय ते त्या खोलीतून निघतानाचं आहे. मी राजीनामा का दिला? सिक्युरिटीवाला खोका घेऊन दाराशी उभा राहील याची भीती होती. पैशाचा विचारच केला नव्हता.

धागाकर्ते, घरी सांगितलंय का?

कुर्ला लोकल:

तो धाग्याचा विषय नाही.

पालवी:

म्हणजे नाही. छत्तीस दिवस.

कुर्ला लोकल:

मुलीची दहावी आहे. आईचा गुडघा आहे. सांगून करणार काय? निकाल लागू दे, मग बघू असं ठरवलंय.

पालवी:

निकाल लागलाय हो. चौथ्या मजल्याने वर लिहिलंय, परत वाचा.

उद्योजक मावळा:

मी परत सांगतो, धंदा

नाहूरकर:

बस की राव.

कुर्ला लोकल (दोन दिवसांनी):

काल रात्री सांगितलं. फार काही झालं नाही. पाच मिनिटं गप्प बसली आणि मग पहिला प्रश्न: "मेडिक्लेम कधीपर्यंत चालेल?" आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं होतं, ते कंपनीच्या पॉलिसीवर. एवढा धागा झाला, कायदा झाला, १९८२ झालं, हा प्रश्न तुमच्यापैकी एकालाही पडला नाही. मलाही नाही.

राजीनाम्याचं मत बदललेलं नाही. कामगार भवन, म्हणजे कामगार आयुक्तांचं कार्यालय, माझ्या ऑफिसपासून चालत जाण्याजोगं आहे, आज जेवणाच्या सुट्टीत चौकशी करून आलो. पण कॉफी म्हणतात तो 'तर' मोठा आहे, हे तिथल्या माणसानेही सांगितलं. माझ्याकडे तीन जणांच्या रजा मंजूर करायचा अधिकार आहे. तो मला गेल्या वर्षी 'बढती' म्हणून दिला होता.

चौथा मजला:

बहुतेक ठिकाणी शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत. पॉलिसीचा कागद मागून खात्री करा. साठ दिवसांतले बावीस उरलेत, ऑपरेशन आधी घेता येतं का ते डॉक्टरांना आजच विचारा. शिवाय समूह विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, जुन्या आजारांचा झालेला प्रतीक्षाकाळ धरला जातो. अर्ज नोकरी चालू असतानाच टाका. आणि सोमवारी परत बोलावलं आणि कागद पुढे केला तर म्हणा, घरी नेऊन वाचतो. नेऊ देणार नाहीत. तरी म्हणा.

सकाळची कॉफी:

दोन महिन्यांऐवजी चार मागा, आणि मेडिक्लेम सहा महिने चालू ठेवा म्हणावं. मिळालं तर सही करा. राजीनामाच असेल तो, पण तुम्ही धाग्यात त्याला काहीही नाव द्या, मी हरकत घेणार नाही.

कुर्ला लोकल:

पाच मागतो.